थॉमस मान : एका पेढीचा शेवटचा हिशेब

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने जर्मन कादंबरीकारावर लिहावे याचे कित्येकांना नवल वाटेल. पण थॉमस मान हे धान्याच्या पेढीवर जन्मलेले. आमच्या घरी भुसार मालाचे दुकान आहे आणि परीक्षा संपली की मी गल्ल्यावर बसावे असे वडिलांना वाटते. त्यामुळे हा परका माणूस मला फार जवळचा वाटतो.

त्यांचा जन्म ६ जून १८७५ रोजी उत्तर जर्मनीतील ल्युबेक या बंदराच्या गावी झाला. वडील धान्याचे मोठे व्यापारी व नगराचे सिनेटर. आई ब्राझीलमध्ये जन्मलेली. १८९० साली पेढीने शताब्दी साजरी केली आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. मुलांपैकी कोणी गादी चालवील असा भरवसा त्यांना उरला नव्हता. पेढी मोडावी, असे त्यांनी मृत्युपत्रातच सांगून ठेवले होते. थॉमस तेव्हा १६ वर्षांचे, शाळेत मागे पडलेले. बापाच्या मनातली आपली किंमत त्याच्या मृत्युपत्रातून कळावी, याहून कठोर गुणपत्रिका मला ठाऊक नाही.

कुटुंब म्युनिकला गेले. १८९४ मध्ये थॉमसही तेथे आले, काही महिने आगविम्याच्या कचेरीत बसले आणि कामाच्या वेळात चोरून कथा लिहू लागले. पुढे थोरले बंधू हाइनरिश यांच्यासोबत इटलीत असताना, १८९७ साली, त्यांनी ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी सुरू केली. त्यासाठी त्यांनी नातेवाइकांना पत्रे लिहून जुने व्यवहार आणि धान्याचे भाव विचारले, घरच्या पक्वान्नांच्या कृतीसुद्धा मागवल्या. दिवाळ्याची गोष्ट कल्पनेने लिहिणारे पुष्कळ असतात. असे भाव विचारून लिहिणारा विरळा.

एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची ही कहाणी आहे. घर कोणी एक दुष्ट माणूस बुडवत नाही. ते हळूहळू खचत जाते. मुलगी टोनी हिला मनाविरुद्ध एका व्यापाऱ्याला देतात. ८०,००० मार्क हुंडा जातो, आणि जावयाने दाखवलेल्या वह्याच खोट्या होत्या हे मागाहून उघड होते. (हे वाचताना जर्मनी फार दूर वाटत नाही.) पुढे तिचा भाऊ शेतातले उभे पीक पडत्या भावाने घेतो, पेढीच्या शताब्दीच्या दिवशीच गारांनी पीक गेल्याची तार येते. शेवटचा वंशज हानो, दुबळा, संगीतात रमणारा मुलगा. घराण्याच्या वहीत तो आपल्या नावाखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढतो. बाप रागावतो, तेव्हा पुढे काही यायचे नाही असे वाटले, एवढेच तो सांगतो. खाते बंद करताना बेरजेखाली आम्हीही तशीच रेघ ओढतो. त्या पानानंतर मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते.

प्रकाशक फिशर यांनी हस्तलिखित निम्मे करा म्हणून कळवले. २५ वर्षांच्या मान यांनी साफ नकार दिला. १९०१ साली दोन खंड निघाले, पण खप बेताचा. १९०३ च्या स्वस्त एकखंडी आवृत्तीने नाव झाले. १९२९ चे नोबेल पारितोषिकही मुख्यतः याच पुस्तकाला मिळाले. ल्युबेककरांनी मात्र त्यात आपापली माणसे ओळखली. एका चुलत्याने तर १९१३ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निषेध नोंदवला. मला त्या काकांची बाजूही पटते. घरची वही चव्हाट्यावर आणलेली कोणाला आवडेल?

मान यांचे स्वतःचे घरही दुःखातून सुटले नाही. दोन्ही बहिणींनी १९१० व १९२७ मध्ये आणि मुलगा क्लाउस याने १९४९ मध्ये आत्महत्या केली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांचा देश सुटला, १९३६ मध्ये नागरिकत्वही काढून घेतले गेले. नंतर ते अमेरिकेत राहिले. तेथे असताना, १९४० साली, वेताळकथेवरून त्यांनी डोक्यांच्या अदलाबदलीची छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. गिरीश कार्नाड यांचे १९७१ चे कन्नड नाटक ‘हयवदन’ तिच्याच आधाराने उभे आहे, हे आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ठाऊक असेलच.

कादंबरीतले ते ल्युबेकचे आजोळासारखे जुने घर १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. दर्शनी भिंत तेवढी उरली. मान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडला परतले. मे १९५५ मध्ये ल्युबेकने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला झुरिक येथे ते वारले.