सरन्यायाधीशांना न मानणारा संपादक

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत जुन्या सिनेट सभागृहाच्या खाली एक कमानदार छताची दमट खोली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय या खोलीत भरत असे. ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी तिथे एक निकालपत्र वाचायला घेतले. वय ऐंशीला टेकलेले, आवाज खोल गेलेला. ते दोन तासांहून अधिक वेळ वाचत राहिले आणि समोरचे बातमीदार कानावर पडेल तेवढे टिपून घेत राहिले. छापील प्रत कोणाच्याच हाती पडणार नव्हती. देशभर जो निकाल गाजणार होता, तो त्या दिवशी या मंडळींच्या वह्यांत जेवढा उतरला तेवढाच लोकांपर्यंत पोहोचला.

निकाल ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाचा होता. आपला मालक आपल्याला गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात घेऊन राहिला होता, म्हणून आपण मुक्त आहोत, असा त्याचा दावा होता. आफ्रिकी गुलामांचा वंशज, मग तो मुक्त का असेना, अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, असे टॉनी यांनी ठरवले. तेव्हा स्कॉटला केंद्रीय न्यायालयात दाद मागण्याचाच अधिकार उरला नाही. पण टॉनी तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या प्रदेशांना अद्याप राज्याचा दर्जा मिळालेला नाही, तिथे गुलामगिरीवर बंदी घालण्याची सत्ता काँग्रेसलाही नाही, असे त्यांनी पुढे जाऊन सांगितले. नऊपैकी सात न्यायमूर्ती निकालाच्या बाजूने होते, दोन विरोधात.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'ने या निकालाची नैतिक किंमत वॉशिंग्टनमधल्या एखाद्या गुत्त्यातल्या बैठकीच्या मताइतकी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाविषयी असे लिहिणाऱ्या या पत्राचा संपादक होता होरेस ग्रीली.

ग्रीलीचा जन्म ३ फेब्रुवारी १८११ रोजी न्यू हॅम्पशायरमधील ॲमहर्स्ट या गावी झाला. बाप गरीब शेतकरी. कर्जापायी शेत गेले आणि कुटुंबाला व्हरमाँटमध्ये हलावे लागले. शाळा जेमतेम झाली, पण पोर हाताला लागेल ते वाचून काढी. पंधराव्या वर्षी तो ईस्ट पोल्टनी येथील एका छापखान्यात उमेदवारीला लागला आणि १८३१ मध्ये खिशात दहाएक डॉलर घेऊन न्यूयॉर्कला आला. अंगावर धड कपडे नाहीत, केस पांढरट पिवळे, बोलणे खेडवळ. पुढे नाव झाले तरी या अवतारात फारसा फरक पडला नाही. त्याचे हस्ताक्षर तर इतके भयंकर होते की खुद्द त्याचे जुळारी त्याच्यावर विनोद करीत. जो माणूस स्वतः खिळे जुळवून वर आला, त्याने जुळाऱ्यांना इतके छळावे, ही गंमतच.

१० एप्रिल १८४१ रोजी त्याने एका सेंटचे 'ट्रिब्यून' काढले. त्या काळची स्वस्त दैनिके खून, मारामाऱ्या आणि पोलीस कोर्टातल्या भानगडींवर जगत. ग्रीलीला गंभीर मजकूर हवा होता. कार्ल मार्क्सने लंडनहून दहा वर्षे लेख पाठवले ते याच पत्राला. दैनिकाबरोबर साप्ताहिक आवृत्ती निघे. ती टपालाने पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांत जाई, आणि १८६० च्या सुमारास तिचा खप दोन लाखांच्या घरात पोहोचला होता. शेतकरी हे पत्र कुटुंबाला मोठ्याने वाचून दाखवीत. टॉनी यांचा आवाज त्या खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. ग्रीलीचा आवाज कुठवर जात होता, हे यावरून समजते.

कोर्टाविषयी लिहिण्याची त्याला पहिल्यापासून हौस होती. कादंबरीकार फेनिमोर कूपर याने अब्रुनुकसानीचा दावा लावला तेव्हा, डिसेंबर १८४२ मध्ये, ग्रीलीने स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि तो हरला. दोनशे डॉलर भरावे लागले. न्यूयॉर्कला परतून त्याने त्या खटल्याचा अकरा रकाने भरतील एवढा मिश्कील वृत्तांत स्वतः लिहिला. सारा देश हसला. कूपरने त्या वृत्तांतावरही दावा ठोकला.

वॉशिंग्टनमधले प्रकरण एवढे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. ओहायो नदीवरच्या व्हीलिंग येथील पुलाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे होता. १८५२ मध्ये त्याचा निकाल काय लागणार, हे 'ट्रिब्यून'ने न्यायालयाच्या दहा दिवस आधी छापले. न्यायालयाच्या आतल्या गोटातून फुटलेली ही बहुधा पहिली मोठी बातमी. २ मे २०२२ रोजी 'पॉलिटिको'ने गर्भपाताच्या खटल्यातील निकालाचा मसुदा फोडला तेव्हा असे कधी घडलेच नव्हते, असा गदारोळ झाला. तसे मानणाऱ्यांनी 'ट्रिब्यून'च्या जुन्या फायली चाळायला हव्या होत्या.

ड्रेड स्कॉट खटल्याच्या वेळी हे पुन्हा घडले. फेब्रुवारी १८५६ मध्ये पहिले युक्तिवाद झाले आणि पुढे न्यायालयाने फेरसुनावणीचा हुकूम दिल्यामुळे निकाल अध्यक्षीय निवडणुकीच्या पलीकडे गेला. या काळात न्यायमूर्तींच्या खलबतांच्या बातम्या 'ट्रिब्यून'मध्ये येत राहिल्या. संशय न्यायमूर्ती जॉन मॅक्लीन यांच्यावर होता. ते गुलामगिरीविरोधी होते, पण त्याच १८५६ साली त्यांना रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारीही हवी होती. ज्याला निवडणूक लढवायची आहे, असा न्यायमूर्ती बातमी पुरवतो तेव्हा ती फुकट नसते. ग्रीलीला याची टोचणी लागल्याचे दिसत नाही. तो स्वतःच त्या पक्षाच्या स्थापनेत गुंतलेला होता, आणि पक्षकार आणि बातमीदार यांच्यातली रेघ त्याने आयुष्यात कधी नीट ओढली नाही.

एवढे कान लावूनही सर्वांत मोठी बातमी निसटली. ४ मार्चला जेम्स ब्युकॅनन यांचा शपथविधी झाला. व्यासपीठावर टॉनी आणि ब्युकॅनन यांच्यात काही कुजबूज झालेली लोकांनी पाहिली. मग नव्या अध्यक्षांनी भाषणात, न्यायालय जो निकाल देईल तो आपण खुशीने मान्य करू, असे सांगितले. दोन दिवसांनी निकाल आला आणि त्या कुजबुजीतच कट शिजल्याचा बोभाटा विरोधी पत्रांनी केला. ती कुजबूज साधी औपचारिक असण्याचाच संभव अधिक. खरा व्यवहार पत्रांतून झाला होता. न्यायमूर्ती कॅट्रन आणि ग्रिअर यांनी निकालाचा रोख ब्युकॅनन यांना आधीच कळवला होता, आणि ग्रिअर यांनी बहुमताबरोबर जावे म्हणून ब्युकॅनन यांनी त्यांना लिहिलेही होते. ही पत्रे बाहेर यायला पुढचे शतक उजाडावे लागले. डोळ्यांना दिसलेल्या कुजबुजीवर रकानेच्या रकाने खर्च झाले, आणि टपालाच्या थैलीचा कुणालाच पत्ता लागला नाही.

निकालानंतरच्या आठवड्यांत 'ट्रिब्यून'ची तोफ धडाडत होती. नऊपैकी पाच न्यायमूर्ती गुलामगिरीच्या राज्यांतले, यावर तिचा मुख्य मारा होता. मला मात्र त्या अग्रलेखांपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. भिन्नमत देणारे दुसरे न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी आपले निकालपत्र लगेच बॉस्टनच्या एका पत्राला छापायला दिले. टॉनी यांचे निकालपत्र मात्र मे महिन्याच्या अखेरीपर्यंत बाहेर आले नाही. ते त्यात दुरुस्त्या करीत होते, आणि कर्टिस यांनी प्रत मागितली तर ती द्यायलाही नकार देण्यात आला. त्याच सप्टेंबरात कर्टिस यांनी राजीनामा दिला. म्हणजे देशाने भिन्नमत आधी वाचले आणि निकाल नंतर. पुढे ग्रीलीच्या छापखान्याने या खटल्याची पुस्तिका काढली तेव्हा तीत कर्टिस यांच्याबरोबर टॉनी यांचेही निकालपत्र पूर्ण छापले. ज्या निकालाला गुत्त्यात नेऊन बसवले, तो वाचकाने मुळातून वाचावा, ही सोय त्याने करून दिली. असे किती संपादक करतात?

आपल्याकडे या साऱ्याचे पडसाद उमटले ते थोडे उशिरा. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी जनतेला अर्पण केले. निग्रोंची गुलामगिरी नष्ट करणाऱ्या ज्या लोकांचा तो गौरव होता, त्यांच्यातले पुष्कळजण 'ट्रिब्यून' वाचून वाढलेले होते.

यादवी युद्धात ग्रीलीने लिंकनलाही सोडले नाही. ऑगस्ट १८६२ मध्ये गुलाममुक्तीसाठी त्याने लिंकनला उघड पत्र लिहिले. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली तेव्हा जमाव 'ट्रिब्यून'च्या कचेरीवर चालून गेला.

आणि मग त्याने वाचकांना चकित करणारी गोष्ट केली. बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षे खटल्याविना तुरुंगात होता. मे १८६७ मध्ये रिचमंडला जाऊन ग्रीलीने त्याच्या एक लाख डॉलरच्या जामिनावर सही केली. साप्ताहिकाचे हजारो वर्गणीदार गेले, त्याने लिहिलेल्या युद्धेतिहासाची मागणी आटली, क्लबात त्याची झडती घेण्याची तयारी झाली. माणसावर आरोप असेल तर खटला चालवा, नाहीतर सोडा, एवढेच त्याचे म्हणणे होते. दहा वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाला झोडपणारा हाच माणूस होता. मला यात विसंगती दिसत नाही. त्याच्या वर्गणीदारांना दिसली.

१८७२ मध्ये त्याने ग्रँट यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. ती लढवायला नको होती. व्यंगचित्रकार टॉमस नास्ट याने त्याची निर्दय टवाळी केली. मतदानाच्या आठवडाभर आधी, ३० ऑक्टोबरला, त्याची पत्नी वारली. तो दारुण हरला, परत आला तर 'ट्रिब्यून'वरची पकडही सुटलेली, आणि मन पार ढासळले. २९ नोव्हेंबरला त्याचा अंत झाला. अंत्ययात्रेला खुद्द ग्रँट आले होते. निर्वाचकांची मते अजून पडायची होती. ग्रीलीच्या बहुतेक निर्वाचकांनी दुसऱ्यांना मते दिली. जॉर्जियातील तिघांनी मात्र मेलेल्या ग्रीलीच्याच नावे मत दिले. काँग्रेसने ती तीन मते मोजायला नकार दिला.