लॉरेन मोटेलच्या सज्जातील साक्षीदार

४ एप्रिल १९६८ ची सायंकाळ. अमेरिकेतील मेम्फिस शहराचे बॅप्टिस्ट पाळक बिली काइल्स हे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना आपल्या घरी भोजनास नेण्यासाठी लॉरेन मोटेलवर आले होते. ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरील सज्जात दोघे उभे होते. काइल्स जिन्याकडे वळले, आणि गोळी सुटली.

१९२९ साली अटलांटा येथे जन्मलेले किंग हेही पाळकच. माँटगोमेरीचा ३८१ दिवसांचा बस-बहिष्कार, १९५९ चा भारतदौरा (मुंबईत ते मणिभवनात उतरले होते), १९६४ मधील पोप पॉल सहावे यांची भेट व नोबेल पारितोषिक हे वाचकांना ठाऊक असेलच. आम्हांस त्यांचा अखेरचा प्रवास अधिक मोलाचा वाटतो. मेम्फिसला ते आले ते संपावर गेलेल्या सफाई कामगारांसाठी. कचरागाडीच्या यंत्रात दोन कामगार चिरडून मेले होते. त्यातून तो संप उभा राहिला होता.

किंग यांना सेंट जोसेफ या कॅथलिक रुग्णालयात नेण्यात आले. तेथेच वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. आपण त्या क्षणी तेथे का होतो, हा प्रश्न काइल्स यांना दीर्घकाळ छळत राहिला. साक्ष देण्यासाठीच, हे उत्तर त्यांनी अखेर स्वीकारले आणि २०१६ साली निधन होईपर्यंत ते ती देत राहिले.

संप १६ एप्रिल रोजी मिटला. कामगार संघटनेस मान्यता मिळाली.