कानाच्या उपचारासाठी मिरजेला गेलेला मुलगा बालगंधर्व कसा झाला?

गायकाला गळ्याइतकाच कान मोलाचा. पण ज्यांच्या स्वरांनी अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं, त्या बालगंधर्वांना लहानपणी कानाचंच दुखणं होतं, हे अनेकांना माहीत नसतं!

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. मूळ गाव नागठाणे. आज ते सांगली जिल्ह्यात येतं. हाच जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जायचा.

छोट्या नारायणाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं, असं सांगतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही त्याच्या गाण्याचं कौतुक होतं. अडचण एकच, त्याला ऐकू कमी यायचं. सूर कानावर नीट पडला नाही, तर गळ्यातून कसा उतरणार?

तेव्हा कान दुखला की घरोघरी कोमट तेल सोडलं जायचं. मिरजेत मात्र कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून सुरू होतं. महाराजांनी नारायणाला उपचारासाठी तिथे पाठवलं.

आणि इथेच नशीब पालटलं! किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेल्यापासून कंपनीला त्या ताकदीचा गायक नट मिळाला नव्हता. १९०५ मध्ये नारायण कंपनीत दाखल झाला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला अभिनय शिकवला आणि ‘शाकुंतल’मधली शकुंतला ही त्याची पहिली भूमिका ठरली.

पुढे १९११ मध्ये सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मिरजेत आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

कानाच्या तक्रारी आजही अंगावर काढल्या जातात. ऐकू कमी येणं किंवा कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं, गुणगुणल्यासारखं वाटणं (टिनिटस) ही कानाच्या बिघाडाची लक्षणं असू शकतात. टिनिटस दरवेळी पूर्ण जातोच असं नाही. पण श्रवणयंत्र, ध्वनी उपचार आणि समुपदेशन यांनी अनेकांचा त्रास हलका होतो. त्यासाठी आधी कान तपासून घ्यायला हवा. शंभर वर्षांपूर्वी एका राजाने गाणाऱ्या पोरासाठी तेवढंच तर केलं होतं.