लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

दिनांक १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईतील सरदारगृहात लोकमान्य टिळकांची प्राणज्योत मालवली. सकाळ होताच ही वार्ता सर्वत्र पसरली. भर पावसात जनसागर रस्त्यावर लोटला आणि गिरगावच्या चौपाटीवर साऱ्या देशाच्या या नेत्याला अखेरचा निरोप देण्यात आला. त्याच दिवशी, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील वाटेगाव या खेड्यात, गावकुसाबाहेरच्या मातंग वस्तीत, भाऊराव आणि वालुबाई साठे या दांपत्याच्या पोटी एक मूल जन्मास आले. त्याचे नाव तुकाराम असे ठेवण्यात आले. वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात मोडते. हा तुकाराम म्हणजेच पुढे विख्यात झालेले लोकशाहीर अण्णाभाऊ साठे होत.

दिनदर्शिकेतील दिनविशेषाच्या एकाच चौकटीत ही दोन नावे शेजारी शेजारी येतात; परंतु दोघांच्या जन्मस्थितीत मात्र महदंतर होते. टिळकांचे वडील शिक्षक होते. विद्या त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. टिळकांनी पदवी संपादन केली, १८८० मध्ये सहकाऱ्यांसह पुण्यात शाळा स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी ‘केसरी’ वृत्तपत्र सुरू केले. अण्णाभाऊंच्या घरात मात्र अक्षरओळख कोणालाच नव्हती. मातंग समाज दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी वाजवणे अशी कामे करून गुजराण करी. अस्पृश्यतेचा जाच होताच. शिवाय ब्रिटिश सरकारने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. त्यामुळे निरपराध माणसांनाही पोलीसपाटलासमोर नित्य हजेरी द्यावी लागे. अशा घरातील मुलाने लेखक व्हावे, ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

तुकारामाला शाळेत घातले खरे, पण ते शिक्षण जेमतेम दीड दिवस टिकले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शिक्षकांची वागणूक त्या मानी मुलाला सहन झाली नाही आणि त्याने शाळेकडे कायमची पाठ फिरवली. त्यानंतर रानात भटकणे, पोहणे, दांडपट्टा फिरवणे आणि जुन्या शूरांच्या कथा ऐकणे हेच त्याचे शिक्षण झाले. त्या कथा त्याच्या मनात खोल रुजल्या.

वडील मुंबईत माळीकाम करीत. १९३१-३२ च्या सुमारास गावाकडे जगणे कठीण झाले, तेव्हा साठे कुटुंबाने मुंबईची वाट धरली. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत, मजल दरमजल करीत हे कुटुंब पायीच मुंबईस पोहोचले. भायखळ्याच्या चाळीत त्यांना आसरा मिळाला. कोवळ्या वयातच तुकारामाला कामाला जुंपून घ्यावे लागले. हमाली, घरगड्याचे काम, कोळसा वेचणे, गिरणीतील मजुरी अशी नाना कामे त्याने केली.

याच भटकंतीत त्याला त्याची शाळा सापडली. रस्त्याने चालताना दुकानांवरील पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके त्याला दिसत. या अक्षरांचा अर्थ काय, हे जाणून घेण्याची ओढ त्याला लागली. जाणत्यांना विचारीत, एकेक अक्षर जुळवीत तो वाचू लागला आणि हळूहळू लिहूही लागला. ज्या वयात इतर मुले शाळेच्या वरच्या इयत्तेत असतात, त्या वयात या मुलाने मुळाक्षरांना हात घातला. परंतु एकदा हाती आलेले अक्षर त्याने पुन्हा सोडले नाही.

मुंबईने त्यांना अक्षरांबरोबर विचारही दिला. गिरणी कामगारांच्या सभा, मोर्चे आणि संप त्यांनी जवळून पाहिले. मध्यंतरी काही काळ ते गावी परतले, तेव्हा नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले. तेथे त्यांना लोककलेचे मर्म उमगले. पुन्हा मुंबईस आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कामगारांच्या वस्तीत त्यांचे वास्तव्य होते. तेथील डासांच्या उपद्रवावर त्यांनी एक गीत रचले आणि ते वस्तीत लोकप्रिय झाले, असे सांगतात. याच काळात ते कम्युनिस्ट पक्षाच्या कार्याशी जोडले गेले. वीररसाने भरलेले, डफाच्या साथीने गायिले जाणारे कथागीत म्हणजे पोवाडा. पूर्वी पोवाड्यात राजे आणि सरदार यांचे पराक्रम वर्णिलेले असत. अण्णाभाऊंनी त्यात सामान्य माणसाला आणून बसवले. दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढ्यावर आणि बंगालमधील भीषण दुष्काळावर त्यांनी रचना केल्या.

१९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने अण्णाभाऊंनी लालबावटा कलापथक उभारले. हे कलापथक गावोगावी आणि कामगार वस्त्यांतून कार्यक्रम करी. तमाशा हा महाराष्ट्रातील गाणे, नाच आणि विनोदी संवाद यांनी युक्त असा लोकप्रिय कलाप्रकार. अण्णाभाऊंनी त्याचा ढंग कायम ठेवून आशय बदलला. सावकार, काळाबाजार करणारे व्यापारी आणि ढोंगी पुढारी यांचे वाभाडे त्यांनी रंगमंचावर काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा हीच कला ‘लोकनाट्य’ या नावाने त्यांनी जनतेसमोर आणली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या शाहिरीला विशेष धार चढली. पोटासाठी गाव सोडून मुंबईस आलेल्या आणि पत्नीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या मजुराचे मनोगत त्यांनी ‘माझी मैना’ या रचनेत गायिले. या मजुराचे दुःख सांगता सांगता मराठी मुलखाच्या ताटातुटीचे दुःखही त्यांनी त्यात गुंफले. हजारो श्रोत्यांपैकी कित्येकांची स्वतःची कहाणी हीच असल्यामुळे हे गीत त्यांच्या हृदयाला भिडले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या यशात शाहिरांचा वाटा फार मोठा आहे.

शाहिरीइतकेच मोलाचे कार्य अण्णाभाऊंनी कथा-कादंबरीच्या क्षेत्रात केले. त्यांनी सुमारे ३५ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुष्काळात अन्नान्न दशा झालेल्या आपल्या माणसांना जगवण्यासाठी धान्य आणि खजिना लुटून इंग्रज सत्तेला आव्हान देणाऱ्या एका मातंग वीराची ही कथा आहे. सरकारी दप्तरात ज्याला गुन्हेगार ठरवले होते, त्याला अण्णाभाऊंनी साहित्यात नायकाचे स्थान दिले. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा तर वाचकाच्या मनातून जाता जात नाही. खाणीचे काम बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा हा धट्टाकट्टा मजूर स्मशानातील राखेत सोन्याचे कण शोधून संसार चालवतो. पुढे तो पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो एका प्रेताच्या तोंडातील सोने काढायला जातो आणि त्याच्या हाताची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. अखेर त्याला ती बोटे गमवावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते; पण डोंगर फोडणारा हात आता निकामी झालेला असतो. लेखक कोठेही उपदेश करीत नाही. काम करू इच्छिणाऱ्या माणसाला काम न मिळाल्यास काय अनर्थ ओढवतो, हे वाचकाला आपोआप कळते.

१९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंच्या हस्ते झाले. पृथ्वीचा भार शेषनाग वाहतो ही परंपरागत कल्पना नाकारून, तो भार दलितांचे आणि श्रमिकांचे हात वाहतात, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. १९६१ मध्ये त्यांना रशियास जाण्याची संधी मिळाली. त्या अनुभवांवर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. वाटेगावाहून मुंबईस पायी आलेला मुलगा आता मॉस्कोच्या रस्त्यांवरून हिंडत होता.

कीर्ती लाभली, तरी दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पण ते स्वतः दीर्घ काळ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिले. त्यांचे बरेचसे लेखन तेथेच झाले. अखेरच्या काळात गोरेगाव येथे त्यांना शासनाकडून घर मिळाले. मात्र तेथे ते फार दिवस राहू शकले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांचा गौरव वाढत गेला. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १ ऑगस्ट २०२० या एकाच दिवशी लोकमान्यांच्या निधनास आणि अण्णाभाऊंच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली. दरवर्षी या दिवशी महाराष्ट्रातील शाळांत आणि कार्यालयांत दोघांच्या प्रतिमांना एकत्र पुष्पहार घातला जातो. एकाने विद्येचा वारसा घेऊन तो लोकांच्या कामी लावला. दुसऱ्याला वारशाने काहीच मिळाले नव्हते, म्हणून त्याने अक्षर अन्‌ अक्षर स्वकष्टाने मिळवले आणि तेही लोकांच्याच कामी लावले. शाळेचे दार एकदा बंद झाले म्हणजे शिक्षण संपले असे होत नाही. रस्त्यावरील पाट्या वाचत वाचत मराठी साहित्यात आपले नाव कोरणाऱ्या अण्णाभाऊंचे जीवन हीच या गोष्टीची साक्ष आहे.