काचेखाली उन्हाळा जपणारा माळी

अंबाजोगाईच्या परसात केळ आणि जास्वंद हिवाळाभर उघड्यावर तग धरतात. इंग्लंडच्या गोठविणाऱ्या थंडीत अशीच उष्ण प्रदेशातील झाडे जगविण्याचा ध्यास जोसेफ पॅक्स्टन यांनी घेतला. शेतकऱ्याच्या घरी १८०३ मध्ये जन्मलेले पॅक्स्टन १८२६ मध्ये चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकचे मुख्य माळी झाले. तेथे त्यांनी वाढविलेल्या बुटक्या केळीला ड्यूकच्या कॅव्हेंडिश घराण्याचे नाव मिळाले. जळगावची 'ग्रँड नैन' याच गटातील. १८४० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या भव्य काचगृहाला तळघरातील बॉयलर ऊब पुरवीत. १८४९ मध्ये त्यांनी कोमट पाण्याच्या हौदात अॅमेझॉनचे 'व्हिक्टोरिया' कमळ फुलविले. १८५१ च्या 'क्रिस्टल पॅलेस'ने त्यांना 'सर' ही पदवी मिळवून दिली. १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र बंदिस्त ऊब पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांनाही मानवते. म्हणून काचगृहाला इंधनाइतकीच डोळ्यांत तेल घालून केलेली निगराणी लागते. पहिल्या महायुद्धात कोळसा तुटला, झाडे मेली आणि १९२० मध्ये ते काचगृह पाडण्यात आले. केळीच्या घडांत मात्र ते नाव आजही टिकून आहे.