डॉक्टर रखमाबाई व त्यांची विद्यालये

खेडोपाडीच्या मंडळ्यांतून मुंबईस आलेली पुष्कळ कुटुंबे आज भांडुप येथे डोंगरउतारावरील चाळींत राहतात, आणि गावाकडील भाच्या व पुतण्या शिक्षणासाठी त्यांच्याच घरी उतरतात. त्यांपैकी काही मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. एखादी डॉक्टर होण्याची उमेद धरते. वर्ष दोन वर्षे शिकून झाल्यावर, हे विद्यालय सोडून दुसरीकडे जावे काय, आणि जावे तर कोठे, हा प्रश्न अशा घरांत निघतो, आणि मग पाळकास किंवा गावच्या उपदेशकास सल्ला विचारला जातो. आम्ही येथे नियम सांगत बसणार नाही. ज्या मराठी बाईने हाच प्रश्न फार कठीण दिवसांत सोडविला, तिचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवितो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ह्यांनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार ज्ञातीत त्यास मनाई नव्हती. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नावाजलेले डॉक्टर व वनस्पतींचे मोठे जाणते होते. १८८३ साली मुंबईत जे निसर्गेतिहास मंडळ स्थापन झाले, त्याच्या आठ संस्थापकांत दोन एतद्देशीय गृहस्थ होते व त्या दोहोंपैकी हे एक. अशा घरात रखमाबाई वाढल्या, हे त्यांचे मोठे भाग्य होय. तरी त्या काळची रूढी त्या घरासही चुकली नाही, आणि वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी झाले. लग्नानंतर मात्र त्या आईजवळच राहिल्या.

त्यांची शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून त्या घरीच अभ्यास करीत. ज्या उपदेशकांकडे मंडळीची लहानशी पेटी-लायब्ररी आहे व जे ती कुलूप लावून जपतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या ग्रंथालयाच्या चालकांना आपले पुस्तक कोणाच्या हाती पडून पुढे काय होणार हे काय ठाऊक होते? रखमाबाईंनी कधी बाप्तिस्मा घेतला नाही. म्हणून ते पुस्तक फुकट गेले असे आम्ही मानीत नाही.

पुढची हकीकत देशभर गाजली. १८८४ साली दादाजींनी पत्नीस आपल्या घरी नांदावयास आणावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद केली. न कळत्या वयात झालेल्या लग्नाने आपण बांधल्या जात नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी, नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. ह्या खटल्याच्या दिवसांतच, १८८५ साली, सखाराम अर्जुन निवर्तले. घरचा आधार गेला, तरी बाई डगमगल्या नाहीत. शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन खटला मिटला. व्हिक्टोरिया राणीने स्वतः हे लग्न मोडले, अशी जी कथा अजून छापली जाते ती खरी नव्हे. प्रकरण मिटले ते रोख पैशाने. त्या वेळी रखमाबाईंचे वय चोविसाच्या आत होते.

आता त्यांच्यापुढे प्रश्न आला तो शिक्षणाचा. डॉक्टर व्हावयाचे, पण कोठे शिकून? मद्रासच्या वैद्यकीय विद्यालयाने १८७५ पासूनच स्त्रियांस दार उघडले होते. आमच्याच अहमदनगरचे हरिपंत खिस्ती ह्यांची कन्या कृपाबाई १८७८ साली तेथे दाखल झाल्या. इंग्लंडास जाण्याची त्यांची इच्छा होती, पण ती हवा प्रकृतीस झेपणार नाही म्हणून मद्रास निवडले, आणि तेथेही सुमारे वर्षभरात प्रकृती ढासळून अभ्यास सोडावा लागला. पुण्यामुंबईकडच्या वाचकांस अधिक परिचित अशा आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या, मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांच्या कक्षाची नेमणूक हाती असता, काम सुरू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने पुण्यास वारल्या. हे दोन्ही दाखले रखमाबाईंच्या काळी ताजे होते. परदेशची थंडी व एकटेपणा मनुष्यास खातो, हे कोणी त्यांना सांगावयास नको होते.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेजही १८८३ पासून स्त्रियांस खुले झाले होते. ते घराजवळचे, पण शाळेच्या पायऱ्या क्रमाने न चढलेल्या, व जिचे नाव चार वर्षे कोर्टात आणि वर्तमानपत्रांत गाजत होते अशा बाईने त्याच शहरात निवांतपणे शिकावे, ही गोष्ट आम्हांस जवळजवळ अशक्य वाटते. घराजवळचे विद्यालय नेहमीच स्वस्त पडते असे नाही.

ह्या वेळी त्यांस योग्य सल्लागार लाभल्या, त्या कामा इस्पितळाच्या डॉक्टर एडिथ पीची. ह्या इंग्रज बाईंची गोष्ट थोडक्यात सांगणे जरूर आहे, कारण विद्यालय बदलणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असेल? १८६९ साली ज्या पहिल्या स्त्रिया एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकावयास गेल्या, त्यांत पीचीबाई होत्या. रसायनाच्या परीक्षेत त्या वर आल्या, तरी त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ती त्यांस न देता पुरुष विद्यार्थ्यांस दिली गेली. १८७० साली परीक्षेस जाणाऱ्या ह्या स्त्रियांवर दंगेखोरांनी चिखल फेकला. एवढे सोसून त्या शिकल्या, आणि १८७३ साली कोर्टाने ठरविले की, स्त्रियांस पदवी देण्यास विद्यापीठ बांधलेले नाही. चार वर्षांचे श्रम, आणि हाती कागद नाही! तेव्हा पीचीबाई स्वित्झर्लंडात बर्न येथे गेल्या व १८७७ साली एम.डी. झाल्या. पण परदेशी पदवी एकटी असता इंग्लंडच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत नाव चढत नसे. म्हणून त्याच वर्षी त्यांनी आयर्लंडमधील डब्लिनच्या वैद्यमंडळाची परीक्षा देऊन परवाना मिळविला. अशी तीन दारे ठोठावून त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या.

शिकवणारे घर एक असते, परीक्षा घेऊन परवाना देणारे घर दुसरे असू शकते, आणि मोठ्या पदवीचे घर तिसरेच, हे पीचीबाई अंगावर सोसून शिकल्या होत्या. रखमाबाईंस ते सारे आरंभीच समजले. खर्चासाठी वर्गणी उभी राहिली. इंदूरचे शिवाजीराव होळकर ह्यांनी पाचशे रुपये दिले. डफरीन फंडाचे व इंग्लंडातील मॅक्लारेन दांपत्याचे साहाय्य मिळाले. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या.

तेथे त्यांनी लंडनचे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय धरिले. ते १८७४ साली सुरू झाले होते, व त्याचे पहिले तीन वर्षांचे दुखणे असे की, शिकवावयास अध्यापक होते पण विद्यार्थिनींस रोगी दाखवावयास इस्पितळ नव्हते. १८७७ साली रॉयल फ्री इस्पितळाने आपले वॉर्ड त्यांस उघडले आणि मग विद्यालय उभे राहिले. आमच्या मते कोणत्याही विद्यालयाविषयी विचारावयाची पहिली गोष्ट हीच: खाटा किती, रोगी किती येतात, आणि विद्यार्थिनीस त्यांच्याजवळ उभे राहू देतात की नाही. इमारतीचे चित्र माहितीपत्रकात सुंदर असेल. खाटेजवळ उभे राहिल्यावाचून नाडी कळत नाही.

लंडन विद्यापीठाची पदवीही १८७८ पासून स्त्रियांस मिळू लागली होती. पण त्या मार्गाच्या तोंडाशी प्रवेशपरीक्षा होती, व पुढे परीक्षांची लांब रांग. घरी शिकलेल्या, सव्विशीकडे झुकलेल्या विद्यार्थिनीपुढे दुसरा रस्ता होता. एडिंबरोची वैद्यांची व शस्त्रवैद्यांची अशी दोन रॉयल कॉलेजे आणि ग्लासगोचे एक मंडळ मिळून १८८४ पासून एकच संयुक्त परीक्षा घेत असत, व १८८६ पासून ती स्त्रियांस खुली झाली होती. ज्या एडिंबरो शहराने पीचीबाईंस रिकाम्या हाताने परत पाठविले, त्याच शहराच्या कॉलेजांचा परवाना त्यांच्या ह्या शिष्येने मिळविला. हा परवाना म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे, आणि नावापुढे ती अक्षरे लावण्यात मोठी मिरवणूकही नव्हती. परंतु ब्रिटिश राज्यात कोठेही रोग्यास औषध देण्याचा कायदेशीर हक्क त्यानेच मिळे.

तो हक्क पदरात पडल्यावर रखमाबाई बेल्जममधील ब्रुसेल्स विद्यापीठाकडे वळल्या. आधीच परवाना मिळविलेल्या परदेशी डॉक्टरांस तेथे वर्षानुवर्षे राहण्याची अट नसे. परीक्षा उतरली की एम.डी. मिळे. १८९४ साली रखमाबाई एम.डी. झाल्या. लंडनने स्त्रियांस एम.डी. देण्याचे नाकारले म्हणून त्या ब्रुसेल्सला गेल्या, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही, लंडनची एम.डी. त्यापूर्वीच स्त्रियांनी मिळविलेली होती.

आमच्या वाचकांनी येथे क्रम नीट पाहावा. आधी हाताचे शिक्षण, मग परवाना, मग शोभेची पदवी. आज पुष्कळ घरांत हा क्रम उलटा धरितात: आधी मोठ्या नावाचे विद्यापीठ, आणि कौन्सिलात नोंदणी होईल की नाही हे शेवटच्या वर्षी विचारतात. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. एखादे कॉलेज त्याला किंवा दुसऱ्या मान्य विद्यापीठाला जोडलेले आहे काय, नोंदणी करणाऱ्या कौन्सिलची त्यास मान्यता आहे काय, आणि पहिल्या ठिकाणची वर्षे दुसऱ्या ठिकाणी धरतात की पुन्हा पहिल्यापासून बसवितात, हे लेखी विचारून घेणे उपदेशकासही कठीण नाही. लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा जो दाखला प्रभूने दिला आहे, तो आपण पश्चात्तापाच्या उपदेशात पुष्कळदा सांगतो. तो फीच्या पावत्यांसही लागू आहे. जमीन गहाण टाकून मुलीस दूरच्या प्रांती पाठविलेली व अर्ध्यावर परत आणलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या मुलींच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

स्वदेशी परतल्यावर रखमाबाईंनी काही दिवस कामा इस्पितळात काम केले, आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाचा कारभार हाती घेतला. तेथे अडचण पदवीची नव्हती. बायका इस्पितळात यावयासच भीत. बाळंतपण म्हणजे घरची कोंदट खोली व सुईण, ही समजूत पक्की. इस्पितळात गेलेली बाई जिवंत परत येत नाही, अशी बोलवा. असे सांगतात की, रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवून तिची सुटका केली, आणि ती व तिची पिले सुखरूप पाहून बायकांचा धीर थोडा चेपला. ज्या बाईने लंडन, स्कॉटलंड व ब्रुसेल्स येथील परीक्षा दिल्या तिला हे करण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या बायबलबाया व गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका ही गोष्ट वाचून हसतील, पण ती त्यांस नवी वाटणार नाही.

सुरतेस त्यांनी सुमारे बावीस वर्षे काढिली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. जे लग्न मान्य नाही म्हणून कैद भोगावयास निघाल्या, त्याचे सुतक पाळण्याचे कारण काय, हा प्रश्न त्या वेळेपासून विचारला जात आहे. आम्ही त्याचे उत्तर देण्याचे धाडस करीत नाही. मनुष्याच्या मनातील सर्वच खोल्यांच्या किल्ल्या चरित्रकारास मिळत नाहीत.

१९१८ साली सरकारच्या स्त्री-वैद्यकीय खात्यात त्यांस जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही, आणि काठेवाडात राजकोट येथील जनाना इस्पितळ पत्करिले. तेथे त्यांनी रेडक्रॉस संस्थेची शाखा उभारली व निवृत्त होईपर्यंत सुमारे बारा वर्षे काम केले. त्यानंतर त्या मुंबईस येऊन राहिल्या, आणि पडद्याची चाल बंद करण्याची गरज दाखविणारी एक पुस्तिका लिहिली; पडद्याआडच्या रोगी बायका त्यांनी पस्तीस वर्षे जवळून पाहिल्या होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजात मुली शिकू लागल्यास सत्तरांवर वर्षे लोटली होती.