फ्रेड अल्बी : हाडाचं कलम बांधणारा डॉक्टर

विज्ञानाच्या तासाला कलम शिकवताना मी मुलांना एका डॉक्टरची गोष्ट हमखास सांगते. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पालकांनो, तुम्हालाही ती उपयोगी पडेल.

फ्रेड अल्बी यांचा जन्म १८७६ सालचा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. घर शेतकऱ्याचं. आजोबा फळझाडांवर कलमं बांधायचे आणि नातू ते बघत बघत शिकला. दोन्ही फांद्यांच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना नीट भिडला तरच कलम जगतं. पुढे हार्वर्डमधून १९०३ साली डॉक्टर होऊन ते न्यूयॉर्कला आले, तेव्हा हीच गोष्ट त्यांच्या कामी आली.

त्या काळी मणक्याचा क्षयरोग झालेली लहान मुलं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं प्लास्टरमध्ये किंवा लोखंडी चौकटीत पडून असायची. क्षयावर औषध नव्हतंच. मणके पोखरले जायचे, ढासळायचे, पाठीला कुबड यायचं. मणके एकमेकांना जोडून टाकले तर पाठ स्थिर राहील, एवढं डॉक्टरांना दिसत होतं. पण जोडायचे कशाने?

१९११ साली न्यूयॉर्कमध्येच याची दोन उत्तरं निघाली. रसेल हिब्ज या सर्जननी मणक्यांचीच मागची टोकं मोडून शेजारच्या मणक्यावर टेकवली. म्हणजे जागच्या जागी हाड मिळालं, दुसरीकडे जखम नाही. अल्बींनी मात्र त्याच रुग्णाच्या नडगीतून हाडाची पट्टी काढली, मणक्यांची टोकं मधोमध चिरली आणि त्या फटीत ती पट्टी बसवली. जखमा दोन झाल्या, पण पाठीला लगेच सरळ, भक्कम आधार मिळाला.

नडगीच का? हात लावून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. ते लांब, सरळ आणि टणक असतं. सुताराने लाकूड कापावं तसं ते मापात कापता येतं. अल्बींची वृत्तीही सुताराचीच होती, बरं का! दोन समांतर पाती असलेली विजेची करवत त्यांनी बनवली. फट आणि पट्टी दोन्ही तंतोतंत एका मापाची निघायची. हाडाच्या खुंट्या, हाडाचे स्क्रूसुद्धा ते करायचे. १९१५ मध्ये त्यांनी या शस्त्रक्रियेवर मोठा ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात न्यू जर्सीतल्या कलोनिया इथल्या लष्करी रुग्णालयात त्यांनी जखमी सैनिकांची तुटलेली हाडं याच रीतीने सांधली. शिवाय त्या माणसांना पुन्हा काम करता यावं म्हणून ते झटले. मला तर त्यांचं हे काम करवतीपेक्षाही मोठं वाटतं.

मुलं इथं हमखास विचारतात, मग पायाचं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. पट्टी काढलेली नडगी काही महिने कमजोर राहते आणि मोडूही शकते. दुसरं म्हणजे टणक हाडात रक्तवाहिन्या फार हळू शिरतात, त्यामुळे कलम जिवंत व्हायला वेळ लागतो. कमरेवर हात ठेवला की जी कड लागते, तिच्या आतलं हाड स्पंजसारखं सच्छिद्र असतं. तिथं रक्त लवकर पोहोचतं. १९४४ साली इंग्लंडमध्ये रेन्सफर्ड मोलेम यांनी याच हाडाच्या बारीक तुकड्यांचे चांगले परिणाम मांडले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, अल्बी वारले.

पुढे कमरेचं हाड सर्जनांच्या पहिल्या पसंतीचं झालं. तेही फुकट मिळत नाही म्हणा! काही रुग्णांची कंबर मणक्यापेक्षा जास्त दिवस दुखते, कधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो. म्हणून आता काही वेळा मांडीच्या हाडाच्या पोकळीतून भुगा काढतात. मोठी पोकळी भरायची असेल तर नडगीशेजारचं बारीक हाड घेतात. आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेत, हिब्जसारखंच, तिथलंच निघालेलं हाड बारीक करून परत वापरतात.

हाड कुठूनही घ्या, ते रुग्णाचं स्वतःचंच असेल तर शरीर त्याला परकं मानत नाही. अल्बींनी नडगी निवडली ती याच भरवशावर.